वेलगुलाबाचा जोर आणि फुलांचा दुष्काळ

जुन्या जातीचा जोमदार वेलगुलाब वर्षा-दोन वर्षांत गच्ची गाठतो. फुलं मात्र शेंड्याला चार, तीही शेजाऱ्यांना दिसतील अशी. मग खत वाढवलं जातं. दोष बहुतेक वेळा खताचा नसतो, आपल्या समजुतींचा असतो.

‘वेल आहे, आपोआप चढेल.’ गुलाबाला कारल्यासारखे तणावे नसतात. रानात तो वाकड्या काट्यांनी शेजारच्या झुडपांना अडकत वर जातो. भिंतीवर त्याला आपणच बांधायचं असतं, आणि तेही आडवं. फांदी सरळ उभी असली की शेंड्याकडून येणारं संप्रेरक खालचे डोळे दाबून ठेवतं. तीच फांदी तारेवर आडवी केली की डोळ्याडोळ्यातून फुटवा निघतो आणि त्याला कळी येते. फांदी हिरवी असतानाच हळूहळू वाकवावी, जून झाली की ती कडकन मोडते. सुतळीला तार आणि फांदीच्या मध्ये एक पीळ द्यावा, म्हणजे साल घासत नाही.

‘ऑक्टोबरात सगळ्या गुलाबांची छाटणी, तशी याचीही.’ शिर्डी-राहात्याकडचा शेतातला झुडपी गुलाब नव्या फुटीवर फुलतो, त्याला ती छाटणी मानवते. वर्षातून एकदाच बहरणारे जुने वेलगुलाब आदल्या वर्षीच्या फांदीवर फुलतात. ऑक्टोबरात तिला कात्री लागली की बहरच कापला गेला. त्यांची छाटणी बहर ओसरल्यावर करावी. पुन्हापुन्हा फुलणाऱ्या जातींच्या लांब फांद्या राखून बाजूचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर कापावेत.

एका देठाला सात पानं असलेली फांदी दिसली की ‘रानटी’ म्हणून उपटणारे पुष्कळ. जुन्या वेलगुलाबांना सात पानं सहज येतात. पानं मोजण्यापेक्षा फांदी कुठून निघाली ते पाहावं. डोळा भरलेल्या जागेच्या खालून निघाली असेल, तरच ती खुंटाची, म्हणजे रानटी.

‘नगरच्या उन्हात गुलाब कसला?’ उलट पिवळ्या ‘मार्शल नील’ला, १८६४च्या फ्रेंच वेलगुलाबाला, इंग्लंडची थंडी सोसत नाही म्हणून तिथे काचघरात ठेवतात. आपल्याकडे अडचण उन्हापेक्षा जमिनीची जास्त. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ कैदेत असताना नेहरूंनी फुलांचे वाफे खणले. ती जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या मलब्याची होती, असं त्यांनीच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त लिहिलं आहे. नव्या बंगल्याच्या भिंतीलगतही सिमेंट-चुन्याचा तसाच भराव असतो, आणि वेल आपण नेमकी तिथेच लावतो. म्हणून खड्डा भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून घ्यावा.

चुनखडीच्या जमिनीत उसावर पडतो तसा केवडा गुलाबावरही पडतो: कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या. ही लोहाची उणीव. युरियाने ती जात नाही. लोह देणारं हिराकस नुसतं मातीत टाकलं तर चुना ते बांधून ठेवतो, म्हणून ते शेणखतात मुरवून मुळांशी द्यावं.