आभासी ट्रॅक (ध्वनिमुद्रण)

आभासी ट्रॅक किंवा व्हर्च्युअल ट्रॅक ही डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डरमधील एक सुविधा आहे. तिच्यामुळे यंत्राच्या प्रत्येक ट्रॅकवर एकाहून अधिक ध्वनिमुद्रणे स्वतंत्रपणे साठवता येतात. मात्र एका वेळी त्यांपैकी एकच निवडून वाजवता येते.

पार्श्वभूमी

चुंबकीय फितीच्या ट्रॅकवर नवे ध्वनिमुद्रण केले की जुने पुसले जाते. ट्रॅक अपुरे पडल्यास अनेक ट्रॅकांचे मिश्रण एका ट्रॅकवर उतरवले जाई. द बीटल्सचा १९६७ सालचा ‘सार्जंट पेपर्स’ हा अल्बम चार ट्रॅकांच्या यंत्रांवर याच पद्धतीने तयार झाला. हार्ड डिस्कवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रांनी ही अडचण बरीच कमी केली. रोलँड कंपनीच्या १९९६ सालच्या व्हीएस-८८० या यंत्रात ८ ट्रॅक आणि प्रत्येकाचे ८ असे एकूण ६४ आभासी ट्रॅक होते. पुढील व्हीएस-१६८० मध्ये ही संख्या २५६ झाली.

कार्यपद्धती

या यंत्रांत ट्रॅक म्हणजे डिस्कवरील ध्वनीचा कोणता तुकडा कोणत्या क्षणी वाजवायचा याची यादी असते. आभासी ट्रॅक बदलल्यावर यादी बदलते; मूळ ध्वनी तसाच राहतो. डिस्कवरून एकाच वेळी वाचता येणाऱ्या माहितीला मर्यादा असल्याने ६४ आभासी ट्रॅक असलेल्या यंत्रातही एकत्र ८ ट्रॅकच वाजतात.

वापर

गायक एकच गाणे निरनिराळ्या आभासी ट्रॅकांवर अनेकदा गातो. त्यांतील उत्तम ओळी निवडून रिकाम्या आभासी ट्रॅकवर जोडल्या जातात. सर्व वाद्यांचे मिश्रणही अशा रिकाम्या ट्रॅकांवर उतरवता येते. तोल बिघडल्यास मूळ ट्रॅक पुन्हा उपलब्ध असतात.

लोककलांचे ध्वनिमुद्रण

नवेगाव बांध (जि. गोंदिया) हे गाव झाडीपट्टीत येते. या भागातील दंडारीसारख्या लोककलेत गायक व वादक एकमेकांच्या साथीने सादरीकरण करतात आणि प्रत्येक वेळी लय व शब्द थोडे बदलू शकतात. अशा प्रयोगाचे वेगवेगळे पाठ आभासी ट्रॅकांवर जपता येतात. मात्र सर्व कलावंत एकत्र बसलेले असताना ढोलकीचा आवाज गायकाच्या मायक्रोफोनमध्येही उतरतो. त्यामुळे एका पाठातील गायन दुसऱ्या पाठातील ढोलकीशी सहसा जुळत नाही आणि सर्व ट्रॅकांचे आभासी ट्रॅक एकाच वेळी बदलावे लागतात. गायन व साथ निरनिराळ्या वेळी मुद्रित केल्यास ही अडचण येत नाही. परंतु कलावंतांमधील परस्पर प्रतिसाद मुद्रणात येत नाही.

साठवण व मर्यादा

१६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ या मानकानुसार असंक्षेपित एकपदरी ध्वनीस मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा लागते. चार मिनिटांच्या गीताचे आठ पाठ सुमारे १७० मेगाबाइट जागा व्यापतात. रिकामा आभासी ट्रॅक जवळजवळ जागा घेत नाही. अनेक यंत्रांत ट्रॅक पुसला तरी ध्वनी डिस्कवर राहतो, म्हणून ती क्रिया मागे घेता येते. व्हीएस-८८० मधील ‘साँग ऑप्टिमाइझ’ ही आज्ञा असे न वापरलेले ध्वनी कायमचे काढून जागा मोकळी करते. त्यानंतर ते परत मिळत नाहीत. त्यामुळे दुर्मीळ सादरीकरणाची प्रत आधीच दुसऱ्या माध्यमावर घेणे आवश्यक ठरते.