काढलेला रंग आणि भरलेला रंग

आजचा प्रश्न एकदम सोपा: १९१३ सालची मुंबई कुठल्या रंगाची होती?

डोळ्यांसमोर करडी मुंबई आली ना? कारण आपण ती तशीच पाहिलीय. पण १९१३-१४च्या हिवाळ्यात स्तेफान पासे हा फ्रेंच फोटोग्राफर भारतात आला आणि मुंबईचे चक्क रंगीत फोटो काढून गेला. आल्बेर कान नावाच्या बँकरने त्याला पाठवलं होतं. कानला अख्ख्या जगाची रंगीत नोंद करून ठेवायची होती. त्याचे ७२ हजार रंगीत फोटो आज पॅरिसजवळच्या म्युझियममध्ये आहेत, ऑनलाइनही बघता येतात.

हे जमलं कसं? तर बटाट्याच्या पिठाने! ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये ऑटोक्रोम नावाची काच बाजारात आणली. तिच्यावर स्टार्चचे बारीक कण असायचे, नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगात रंगवलेले. प्रत्येक कण आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडायचा. तुमच्या मोबाइलच्या सेन्सरवर लाल, हिरवे, निळे फिल्टर असतात, आयडिया तीच.

म्हणजे हे रंग त्या दिवशीच्या उन्हातून आलेत. ते पाहिले की 'त्या काळातली माणसं' एकदम शेजारची वाटायला लागतात. करड्या फोटोत सगळेच गंभीर आणि गरीब दिसतात, त्यातला अर्धा दोष फिल्मचा.

आता दुसरी गोष्ट. व्हॉट्सअॅपवर फिरणारे 'रंगीत' टिळक किंवा सावित्रीबाई. हे रंग एआयने भरलेत. मी इंजिनिअर आहे, म्हणून हिशोबाच्या भाषेत सांगतो. रंगीत फोटोत प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे लागतात, करड्यात एकच उरतो. एका आकड्यावरून तीन परत मिळत नाहीत, फक्त अंदाज बांधता येतो. आणि खात्री नसली की एआय मळकट तपकिरीकडे झुकतं. त्यात जुन्या फिल्मला लाल रंग नीट दिसायचाच नाही, तो काळपट यायचा. म्हणजे उत्तन किंवा राई-मुर्ध्यातल्या एखाद्या आजीचं लालभडक लुगडं अॅपमधून तपकिरी होऊन बाहेर येणार. आणि नातवंडं म्हणणार, "किती साधं नेसायचे ना तेव्हा!"

अॅप वापरू नका असं नाही म्हणत मी. फक्त फोटो फॅमिली ग्रुपवर टाकताना 'रंग एआयने भरलेत' एवढं लिहा, आणि मूळ फोटो डिलीट करू नका. पण त्याआधी एक काम करा. घरात कोणी आजी-आजोबा असतील तर तो फोटो त्यांच्यासमोर धरा आणि विचारा, "हे लुगडं कुठल्या रंगाचं होतं?" उत्तर व्हॉइस रेकॉर्डरवर घ्या. फोटो स्कॅन करून पुढे कधीही रंगवता येईल. पण ते लुगडं डोळ्यांनी पाहिलेलं माणूस कायम असणार नाहीये.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!