विश्लेषण : केमोथेरपी देणाऱ्या परिचारिकांना वेगळे प्रशिक्षण का हवे?

कर्करुग्णाचा जीव वाचवणारे औषध ते भरणाऱ्या, टोचणाऱ्या आणि सांडल्यावर पुसणाऱ्या हातांसाठी मात्र घातक ठरू शकते. केमोथेरपी जिल्हा रुग्णालयांपर्यंत येत असताना या हातांच्या सुरक्षेचा प्रश्न कोल्हापूरसारख्या शहरांसाठीही महत्त्वाचा झाला आहे.

एके काळी कोल्हापूर परिसरातील कर्करुग्ण म्हटला की महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि परळचे टाटा मेमोरियल हे ठरलेले असे. आता कोल्हापुरात आणि शेजारी मिरजेत कर्करोगावर उपचार होतात. इचलकरंजी, गडहिंग्लज, सिंधुदुर्ग, बेळगाव अशा भागांतून रुग्ण येतात, दिवसभर सलाईन घेऊन संध्याकाळी घरी परततात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश असल्याने अनेकांना खर्चाचा भारही कमी पडतो. त्यातच २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यांपैकी २०० केंद्रांचे उद्दिष्ट पहिल्याच वर्षासाठी होते. म्हणजे आजवर ही औषधे कधीच न हाताळलेल्या परिचारिकांच्या हातीही ती येणार आहेत.

औषधच धोकादायक कसे?

केमोथेरपीचा उगम युद्धातील विषारी रसायनाशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूमुळे रक्तपेशी घटतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. त्याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड १९४२ मध्ये अमेरिकेतील येल येथे कर्करुग्णावर वापरून पाहण्यात आले. आजही सर्रास वापरले जाणारे सायक्लोफॉस्फमाइड हे त्याच घराण्यातले.

यातील बहुतेक औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. समोरची पेशी रुग्णाची आहे की परिचारिकेची, हे औषधाला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सायक्लोफॉस्फमाइड, मेलफॅलन, बुसल्फान या औषधांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहेत. रुग्णासाठी हा धोका पत्करणे योग्यच असते, कारण समोर त्याहून मोठा आजार उभा असतो. परिचारिकेला मात्र औषधाचा काहीच लाभ नसतो. तिच्या शरीरात जाणारी मात्रा अगदी थोडी असते. पण ती वर्षानुवर्षे जात राहू शकते. किती संपर्क सुरक्षित मानावा, याची सर्वमान्य मर्यादा बहुतांश औषधांसाठी ठरलेली नाही. म्हणून संपर्क जमेल तितका कमी ठेवणे, हेच सूत्र जगभर मानले जाते.

पुरावा काय सांगतो?

फिनलंडमधील संशोधकांनी १९७९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एक निरीक्षण मांडले. केमोथेरपीची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकीय बदल घडवू शकणाऱ्या घटकांचे प्रमाण वाढलेले आढळले होते. १९८५ मध्ये फिनलंडमधील रुग्णालयांचाच आणखी एक अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत या औषधांशी संपर्क आणि गर्भ गमावणे यांचा संबंध त्यात दिसला. संपर्क आलेल्या परिचारिकांत ही शक्यता दुपटीहून अधिक होती.

त्या काळी अनेक ठिकाणी ही औषधे साध्या टेबलावर, फारशी काळजी न घेता तयार केली जात. त्यामुळे ते आकडे आजच्या सुसज्ज केंद्रांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र त्यातूनच नियम घडले. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २००४ मध्ये या औषधांबाबत रुग्णालयांना सविस्तर इशारा दिला. आज ज्या सूचना प्रशिक्षणात शिकवल्या जातात, त्यांपैकी बऱ्याच त्यात होत्या.

औषध शरीरात शिरते कुठून?

सुई टोचणे हा केवळ एक मार्ग झाला. जास्त धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबांचा असतो. बाटलीत हवेचा दाब वाढला की सुई काढताना बारीक तुषार उडतो. सिरिंजमधील बुडबुडा घालवताना थेंब हवेत जातो. अँप्यूल फोडताना, सलाईनच्या पिशवीत सेट खुपसताना, वापरलेला सेट ओढून काढताना हेच घडते. काही वेळा औषधाच्या नव्या बाटलीच्या बाहेरच्या बाजूलाही औषधाचा अंश असतो. तो हाताला लागतो. हातावरून मोबाइलवर, दाराच्या कडीवर, पेनावर आणि शेवटी चहाच्या कपावर जातो.

रुग्णाची लघवी, उलटी आणि शौच यांतूनही औषध बाहेर पडते. म्हणून धोका फक्त सिस्टरांपुरता नसतो. बेडपॅन उचलणाऱ्या मावशी, फरशी पुसणारे मामा आणि चादरी धुणारे कर्मचारीही त्याच साखळीत येतात. प्रशिक्षणाच्या यादीतून नेमकी हीच माणसे सुटण्याची भीती असते.

प्रशिक्षणात नेमके काय शिकवायचे?

सुरुवात कपड्यांपासून होते. पावडर नसलेल्या, केमोथेरपीसाठी तपासलेल्या हातमोज्यांच्या दोन जोड्या घालायच्या. आतली गाऊनच्या बाहीखाली, बाहेरची बाहीवर. साधारण दर अर्ध्या तासाने किंवा फाटताच, डाग पडताच त्या बदलायच्या. गाऊन पुढून बंद, पूर्ण बाह्यांचा आणि द्रव आत न शिरू देणारा हवा. साधा सर्जिकल मास्क तुषारांपासून पुरेसे संरक्षण देत नाही. हातमोजे काढल्यावर साबण आणि पाण्यानेच हात धुवायचे. सॅनिटायझर जंतू मारतो. औषध निष्प्रभ करत नाही.

दुसरा भाग जागेचा. औषध तयार करण्यासाठी हवा वरून खाली वाहणारी आणि गाळून बाहेर सोडणारी जैवसुरक्षा कपाट-यंत्रणा लागते. इतर सलाईन तयार करण्यासाठी वापरले जाणारे, हवा समोरच्या व्यक्तीकडे फेकणारे कपाट इथे उलट घातक ठरते. त्यातून औषध निर्जंतुक राहील, पण तुषार थेट परिचारिकेच्या तोंडावर येईल. दिसायला दोन्ही कपाटे सारखीच वाटतात, म्हणून हा फरक प्रत्यक्ष दाखवून शिकवावा लागतो.

तिसरा आणि सर्वात महत्त्वाचा भाग हातांच्या सवयींचा. फिरवून घट्ट बसणाऱ्या सिरिंज वापरायच्या. सिरिंज काठोकाठ भरायची नाही. बाटलीत दाब वाढू द्यायचा नाही. सलाईनचा सेट आधी साध्या सलाईनने भरून घ्यायचा आणि मगच औषध जोडायचे, म्हणजे नळीच्या टोकातून औषध गळत नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही.

हे भाषणाने येत नाही. त्यासाठी अनेक ठिकाणी एक सोपी युक्ती वापरतात. औषधाऐवजी अतिनील प्रकाशात चमकणारे रंगीत पाणी देऊन परिचारिकांना पूर्ण काम करायला सांगतात. मग दिवे मालवून अतिनील दिवा लावतात. आपण अगदी नीट काम केले असे वाटणाऱ्या व्यक्तीच्या मनगटावर, गाऊनवर, कधी चष्म्यावरही ठिपके चमकतात. त्यानंतर दोन हातमोजे कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सांडले किंवा शिरेबाहेर गेले तर?

औषध सांडले तर पहिले काम म्हणजे इतरांना दूर ठेवणे. मग स्पिल किट उघडायचे, संरक्षक साधने घालायची, शोषक कापडाने द्रव टिपायचा आणि कडेकडून मध्याकडे पुसत जायचे. उलट केल्यास डाग पसरतो. त्यानंतर डिटर्जंट आणि पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे. डोळ्यात गेले तर किमान १५ मिनिटे पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जायचे. प्रत्येक घटनेची नोंद करायची. नोंद करणारीवरच ठपका येत असेल, तर पुढच्या वेळी कुणी नोंद करत नाही.

रुग्णाच्या दृष्टीने मोठा धोका औषध शिरेबाहेर पसरण्याचा. लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन त्वचेखाली गेले तर मांस जळून खोल जखम होऊ शकते. अशा वेळी औषध लगेच थांबवायचे. पण सुई घाईने उपसायची नाही. आधी तिच्यातूनच शक्य तितके औषध ओढून घ्यायचे आणि डॉक्टरांना बोलवायचे. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक देतात, विन्क्रिस्टिनला गरम. ‘काहीही झाले की बर्फ’ ही सवय इथे चालत नाही.

विन्क्रिस्टिनबाबत आणखी एक कडक नियम आहे. हे औषध फक्त शिरेतून द्यायचे. चुकून पाठीच्या कण्यातून दिले गेले तर ते जवळपास नेहमीच प्राणघातक ठरते. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईन पिशवीतून द्यावे, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिला.

नियम काय म्हणतात?

जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार या औषधांचा कचरा पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, ‘सायटोटॉक्सिक’ असे चिन्ह लावून ठेवावा लागतो. मुदत संपलेली औषधे आणि त्यांनी दूषित झालेल्या वस्तू १२०० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाला जाळायच्या असतात किंवा उत्पादकाकडे परत द्यायच्या असतात. कर्मचाऱ्यांना कामावर रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण व आरोग्य तपासणी हेही याच नियमांत आहे. मात्र हे प्रशिक्षण कचऱ्याचे आहे. औषध तयार करणे व देणे यांचे कौशल्य त्यातून आपोआप मिळत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा कर्करोग परिचर्येतील एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. पण जिल्हा केंद्रातील प्रत्येकीला तो करणे शक्य होणार नाही. तिच्यासाठी थोड्या दिवसांचे, प्रत्यक्ष सरावाचे आणि शेवटी हातांची परीक्षा घेणारे प्रशिक्षण हाच व्यवहार्य मार्ग उरतो. प्रशिक्षण घेतलेली सिस्टर दोन महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात गेली, तर तेही वाया जाते.

गर्भवती परिचारिकांचे काय?

गर्भवती, स्तनपान देणाऱ्या किंवा मूल हवे असणाऱ्या परिचारिकांना या कामातून बदली काम मिळावे, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. गर्भधारणा कळेपर्यंत काही आठवडे उलटलेले असतात, म्हणून ‘कळवल्यावर बघू’ ही पद्धत अपुरी पडते. आपली खासगी बाब सर्वांसमोर न सांगता, पगार किंवा पाळीचे नुकसान न होता ही सोय मागता येणे गरजेचे आहे.

घरच्यांनी कोणती काळजी घ्यावी?

डे-केअरमधून रुग्ण घरी येतो तेव्हा साधारण ४८ तास, काही औषधांबाबत त्याहून अधिक काळ, शरीरातून औषध बाहेर पडत असते. या काळात शौचालय वापरल्यावर झाकण लावून दोनदा फ्लश करावे. भारतीय पद्धतीचे असेल तर भरपूर पाणी ओतावे. उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घालावेत. माखलेले कपडे वेगळे धुवावेत. घरातील गर्भवती स्त्रीने हे काम करू नये. केमोथेरपीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय फोडू वा कुटू नयेत, त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि उरलेल्या गोळ्या कचऱ्यात न टाकता रुग्णालयात विचारून परत द्याव्यात.

मात्र रुग्णाला मिठी मारणे, त्याच्या शेजारी बसून जेवणे, नातवाला त्याच्याजवळ खेळू देणे यात धोका नाही. काळजी औषधाची घ्यायची आहे. माणसाला वेगळे काढायचे नाही. आणि सलाईन लावायला आलेल्या सिस्टर दोन हातमोजे, गाऊन, मास्क घालून आल्या, तर तो रुग्णाचा विटाळ नव्हे. काम नीट चालले असल्याची ती खूण आहे.