विश्लेषण : तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन झाले, आता दात कसे वाचवायचे? रोजचे फ्लोराइड इतके महत्त्वाचे का?

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, सहा आठवड्यांचे रेडिएशन संपते आणि शिरूर किंवा दौंडचा रुग्ण पुण्याहून घरी परततो. जखम भरत आलेली असते, घरच्यांना हायसे वाटते. पुढच्या काही महिन्यांत मात्र आजवर कधी न दुखलेले दात हिरडीलगत तपकिरी पडू लागतात आणि एखाद्या दिवशी जेवताना दाताचा तुकडाच हातात येतो. कर्करोगाने दातही नेले, असे घरात म्हटले जाते. प्रत्यक्षात हे दात लाळ आटल्यामुळे गेलेले असतात आणि त्यातले बरेचसे वाचवता येतात. उपाय रोज रात्रीच्या पाच मिनिटांचा आहे. तो आयुष्यभर करावा लागतो, हीच त्यातली अवघड गोष्ट.

रेडिएशनने दात का किडतात?

गावाकडे ज्याला ‘लाइट देणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतात, त्या किरणोपचारात तोंडाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रियेनंतर साधारण ६० ते ६६ ग्रे इतकी मात्रा दिली जाते. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे ३० ते ३३ बैठकांत ही मात्रा विभागलेली असते. कर्करोगाच्या पेशी मारताना वाटेत लाळग्रंथीही सापडतात. कानाखालची मोठी लाळग्रंथी किरणांना फार लवकर दबते. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच तोंड कोरडे पडू लागते, उरलेली लाळ घट्ट आणि चिकट होते. ग्रंथीला सरासरी २६ ग्रेपेक्षा बरीच जास्त मात्रा मिळाली, तर लाळ पूर्वीसारखी परत येण्याची शक्यता कमी असते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास ओला करते, हे सगळ्यांना माहीत असते. पण अन्न धुऊन नेणे, जंतूंनी तयार केलेले आम्ल शमवणे आणि दाताच्या पृष्ठभागातून निघून गेलेले कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा भरणे ही कामेही तीच करते. दाताची झीज आणि भरपाई दिवसभर चालू असते. लाळ गेली की झीज चालू राहते आणि भरपाई थांबते.

त्यामुळे ही कीड नेहमीसारखी दाढेच्या खाचेत सुरू होत नाही. ती हिरडीच्या कडेने दाताला वेढते किंवा दातांच्या टोकांवर सुरू होते. एरवी सगळ्यात शेवटी किडणारे खालचे पुढचे दातही सुटत नाहीत. बऱ्याचदा ठणका नसतो, म्हणून रुग्ण गाफील राहतो. रेडिएशननंतर काही महिन्यांत ती दिसू लागते आणि दुर्लक्ष झाले तर दात बुंध्यातून मोडतो.

फ्लोराइड नेमके काय करते?

दाताच्या आवरणातले खनिज साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते. पीएच जितका कमी तितके आम्ल अधिक. हिरडी मागे सरून मूळ उघडे पडले असेल तर तिथले खनिज त्याआधीच, सहाच्या वर असतानाच विरघळते. दाताच्या पृष्ठभागाशी फ्लोराइड असले, तर निघून गेलेले खनिज लवकर परत बसते आणि नव्याने बसलेला थर आम्लाला अधिक टिकतो. तो विरघळायला पीएच ४.५च्या आसपास यावा लागतो. आकड्यात फरक एकाचा दिसतो, पण पीएचची मोजपट्टी अशी आहे की एक अंक म्हणजे दहापट आम्ल.

यातली खोच अशी की हे संरक्षण कायमचे नाही. फ्लोराइड रोज लावले तरच ते रोज असते. अमेरिकेत ह्यूस्टन येथे सॅम्युअल ड्रायझेन आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये रेडिएशन घेतलेल्या रुग्णांवरचे काम प्रसिद्ध केले. नुसत्या काटेकोर स्वच्छतेने ही कीड थांबत नाही, रोज सोडियम फ्लोराइडचे जेल लावले तर ती रोखता येते, हे त्यातून दिसले. पुढे साधने सुधारली, पण मूळ सल्ला आजही तोच आहे.

नेहमीची टूथपेस्ट का पुरत नाही?

भारतातील औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सामान्य माणसाला तेवढे पुरते. लाळ नसलेल्या तोंडासाठी वापरले जाणारे १.१ टक्का सोडियम फ्लोराइडचे जेल सुमारे ५००० पीपीएमचे, म्हणजे पाचपट तीव्र असते. ते दंतवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यायचे.

पेस्टचा मुद्दा तरीही सोडता येत नाही. अनेक घरांत वापरली जाणारी आयुर्वेदिक पेस्ट किंवा दंतमंजन यांत बहुधा फ्लोराइड नसतेच. ते असेल तर ट्यूबवर पीपीएमचा आकडा छापणे बंधनकारक आहे. आकडा नसेल तर या रुग्णांनी ती पेस्ट बदललेली बरी. मशेरी (काही जण मिश्री म्हणतात) हा तर दात घासण्याचा प्रकारच नाही. ती भाजलेली तंबाखू आहे.

ट्रे कसा असतो, जेल कसे लावायचे?

दंतवैद्य वरच्या आणि खालच्या दातांचे माप घेतो. त्यावरून मऊ प्लॅस्टिकचे दोन पातळ साचे बनतात. ते दातांवर नीट बसतात आणि हिरडीवर थोडेसे येतात. रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने दात घासायचे, ट्रेमध्ये जेलची बारीक रेघ ओढायची, ट्रे दातांवर बसवून पाच मिनिटे ठेवायचा (काही डॉक्टर दहा सांगतात), मग जेल थुंकून टाकायचे. जेल गिळायचे नाही. नंतर चूळ भरायची नाही आणि अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. जेलची चव नको वाटते म्हणून लगेच खळखळून चूळ भरली जाते आणि पाच मिनिटांची मेहनत बेसिनमध्ये जाते. जेलची ट्यूब लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

दवाखान्यात लावले जाणारे आम्लयुक्त फ्लोराइड जेलही मिळते. पण कोरड्या, सोललेल्या तोंडाला ते झोंबते आणि काही प्रकारच्या फिलिंगला बाधते. म्हणून या रुग्णांना शक्यतो आम्ल नसलेले, न्यूट्रल जेल दिले जाते.

तोंडच उघडत नसेल तर?

आपल्याकडे हा प्रश्न परदेशी पुस्तकांतल्यापेक्षा फार मोठा आहे. तंबाखू-चुन्याची गोळी गाल आणि खालच्या हिरडीच्या मध्ये धरली जाते आणि भारतात कर्करोगही बहुतांश तिथेच होतो. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचे गाल आतून आधीच कडक झालेले असतात. त्यात शस्त्रक्रिया आणि रेडिएशनची भर पडली की तोंडात एक बोट जेमतेम जाते. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण स्वतःची तीन बोटे उभी मावतात. एका बोटाच्या फटीतून ट्रे जात नाही.

अशा वेळी तेच जेल लहान मुलांच्या ब्रशने किंवा बोटाने दातांना चोळून ठेवता येते. दुसरा मार्ग फ्लोराइड व्हार्निशचा. ५ टक्के सोडियम फ्लोराइडचा हा चिकट थर (सुमारे २२,६०० पीपीएम) दंतवैद्य काही महिन्यांच्या अंतराने दातांना लावतो. ट्रेइतके काटेकोर नसले तरी काहीच न करण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. तोंड उघडण्याचे व्यायाम रेडिएशन चालू असतानाच सुरू करावेत. एकदा आखडलेला जबडा नंतर सोडवणे कठीण जाते.

फ्लोराइड तर घातक असते ना?

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या फ्लोराइडयुक्त विहिरी-बोअरच्या बातम्या वाचलेल्यांना ही शंका येणे साहजिक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानले जाते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर दात डागाळतात, हाडे आखडतात. तो त्रास गिळलेल्या फ्लोराइडचा आहे. जेल दातावर लावून थुंकायचे असते. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे म्हणून जेल नको, हा तर्क लागू पडत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा गिळण्यावर ताबा नसेल, तर मात्र तसे डॉक्टरांना आधी सांगावे.

रेडिएशनआधी दंतवैद्य कशासाठी?

वाचण्याजोगे दात कोणते आणि काढायचे कोणते, हे रेडिएशन सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागते. दात काढल्यावर जखम भरायला किमान दोन ते तीन आठवडे हवे असतात. दुसरीकडे, शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हावे असा दंडक आहे. ही घाई लक्षात घेता खराब दात शस्त्रक्रियेच्या वेळी, त्याच भुलेत काढून घेणे सोयीचे ठरते. तसा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनीच सर्जनना विचारायला हरकत नाही.

शेजारच्या बारामतीचे शरद पवार यांना २००४ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, दात काढावे लागणे, तोंड पुरेसे न उघडणे, गिळताना-बोलताना होणारा त्रास याविषयी ते जाहीरपणे बोलले आहेत. कर्करोगातून बरे झालेले फार कमी लोक दातांची ही बाजू सांगतात, म्हणून त्याची नोंद घ्यायला हवी.

लाळ वाचवण्याचा प्रयत्न यंत्रावरही होतो. आयएमआरटी पद्धतीत किरणांची तीव्रता आकारानुसार बदलून लाळग्रंथीला कमी मात्रा देता येते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ६० रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उपचारादरम्यान लाळग्रंथींचा मध्यम किंवा तीव्र त्रास आधीच्या पद्धतीत ८९ टक्के, तर आयएमआरटीत ५९ टक्के रुग्णांना झाला. म्हणजे यंत्र चांगले असले तरी फ्लोराइड सुटत नाही.

नंतर दात काढला तर काय होते?

रेडिएशनने जबड्याच्या हाडातला रक्तपुरवठा आणि जिवंत पेशी कमी होतात, विशेषतः खालच्या जबड्यात. अशा हाडातून दात उपटला, तर खड्डा भरत नाही, हाड उघडे पडते, पू येतो आणि कधीकधी जबडा मोडतो. याला ऑस्टिओरेडिओनेक्रॉसिस म्हणतात. आधी प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये घेण्यात आला, त्यात दात काढल्यानंतर हे होण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के आढळले. म्हणजे प्रत्येकाला होतेच असे नाही. पण झाले तर कर्करोगातून सुटलेला माणूस पुन्हा मोठ्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो. हा धोका पाच-दहा वर्षांनीही संपत नाही.

म्हणून किडलेला दात शक्यतो रूट कॅनाल करून, वेळ पडल्यास वरचा भाग कापून आणि मुळे तशीच ठेवून निभावला जातो. काढणे अटळच असेल तर रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, पूर्वतयारीने काढतात. फ्लोराइडचे खरे मोल इथे आहे. दात वाचला तर तो काढण्याची वेळच येत नाही.

चहा, गूळ आणि पेज

दौंड तालुका गुऱ्हाळांचा, दोन्हीकडे ऊस. गुळाचा चहा औषधासारखा मानला जातो. तोंड कोरडे पडलेला रुग्ण दिवसभर चहाचे घोट घेतो, खडीसाखर चघळतो. वजन घटलेले असल्याने आहारतज्ज्ञ दर दोन तासांनी खायला सांगतात, मग शिरा, खीर, चहात बुडवलेले बिस्कीट असे मऊ-गोड सुरू राहते. दातांसाठी यापेक्षा वाईट वेळापत्रक नाही. इथे दोन्ही डॉक्टरांचे ऐकणे शक्य आहे. गोड खायचेच तर ते जेवणाबरोबर खावे. मधल्या वेळी दूध, अंडे, दाण्याचे कूट घातलेली पेज, वरणात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी चालते. प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरावी. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घालून केलेली चूळ आम्ल शमवते. तोंड ओले ठेवायला साधे पाणी जवळ बाळगावे. गूळ साखरेपेक्षा बरा, हा समज दातांच्या बाबतीत खोटा आहे.

तालुक्यात राहून हे कसे जमवायचे?

कर्करोगाचे रुग्णालय पुण्यात किंवा मुंबईत आणि दात दुखल्यावरचा दवाखाना घोडनदीच्या पेठेत किंवा दौंडच्या स्टेशन रस्त्यावर, अशी विभागणी असते. गडबड या दोहोंच्या मध्ये होते. गावातल्या दंतवैद्याला रेडिएशनची माहिती नसते, रुग्ण सांगत नाही, आणि दुखरा दात काढला जातो. पुण्याला तीन महिन्यांनी एक फेरी झाली तरी रोजच्या तक्रारीसाठी लोक जवळच जाणार, त्यात गैर काही नाही. फक्त डिस्चार्जची फाइल सोबत हवी. किती ग्रे दिले, कोणत्या बाजूला दिले आणि कधी संपले, या तीन गोष्टी तीत लिहून घ्याव्यात आणि तिचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. आठवडे बाजारात दात काढून देणाऱ्याकडे तर कधीच जाऊ नये.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन येते. ट्रे आणि जेलचे काय, हे दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. पुण्यातल्या दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ट्रेची चौकशी करता येईल. माप शक्यतो रेडिएशन सुरू होण्याआधी द्यावे, कारण नंतर तोंड सोललेले असते आणि उघडतही नाही.

उघडे हाड, पू, सैल झालेला दात, ओठाचा बधिरपणा किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कर्करोगाच्या डॉक्टरांकडे जावे. तंबाखू सुटत नसेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी असली, तरी २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले होते. ऑपरेशन झाल्यावरही ‘थोडीशी’ चालू ठेवणारे दंतवैद्यांना नवे नाहीत.