मासेमारी नौका, लहान यांत्रिक

मासेमारी नौका, लहान यांत्रिक : किनाऱ्यालगतच्या व त्यापलीकडील उथळ समुद्रात मासेमारी करणाऱ्या, सर्वसाधारणपणे 6 ते 16 मी. लांबीच्या व एंजिनावर चालणाऱ्या नौका. अशा नौकेवर बहुधा एकच मुख्य एंजिन असते. शिडाचा वापर जवळजवळ नाहीसा झाल्यामुळे एंजिन बंद पडताच नौका वारा व भरती-ओहोटीचे प्रवाह यांच्या स्वाधीन होते. म्हणून एंजिनाची विश्वसनीयता हा येथे केवळ खर्चाचा नव्हे, तर खलाशांच्या जीविताचा प्रश्न आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे कोकण किनाऱ्यावरील नौकांचा विचार केला आहे.

यांत्रिकीकरण : भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रे यांच्यात 1952 मध्ये झालेल्या करारानुसार 1953 मध्ये केरळात नींदकरा परिसरात सुरू झालेला प्रकल्प हा या क्षेत्रातील महत्त्वाचा टप्पा होय. त्याच दशकात मुंबई राज्याच्या किनाऱ्यावरही पारंपरिक मचव्यांवर डीझेल एंजिने बसविण्यात येऊ लागली. नौका व जाळी यांच्या संशोधनासाठी 1957 मध्ये कोची येथे केंद्रीय संस्था स्थापन झाली. सुरुवातीस एंजिन हे शिडाचे साहाय्यक मानले जाई. पुढे एंजिनांची शक्ती वाढत गेली, तसतशी डोलकाठी व शीड नौकेवरून उतरली आणि त्यांबरोबर एंजिन नादुरुस्त झाल्यावर परतण्याचे राखीव साधनही गेले.

वेग व शक्ती : पाणी बाजूस सारून चालणाऱ्या जड नौकेच्या वेगास तिच्या लांबीमुळे मर्यादा पडते. पाण्याच्या पातळीवरील लांबीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्यास 2.43 ने गुणले असता हा वेग नॉटमध्ये स्थूलमानाने मिळतो. उदा., पाण्याच्या पातळीवर 9 मी. लांबी असलेल्या मचव्यास सु. 7.3 नॉट (ताशी सु. 13.5 किमी.) ही मर्यादा येते. तीपलीकडे नौका स्वतःच उत्पन्न केलेल्या लाटेवर चढू पाहते, रोध झपाट्याने वाढतो आणि दुप्पट शक्तीचे एंजिन बसवूनही वेगात अल्पच भर पडते. इंधन मात्र पुष्कळ अधिक जळते.

एंजिनांची तुलना : (1) मागील फळीवर बाहेरून अडकविलेले एंजिन वजनाने हलके व उचलून नेता येण्याजोगे असते. उथळ पाण्यात ते वर घेता येते. काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकच्या लहान होड्यांना ते सोयीचे पडते. तथापि दोन धावी पेट्रोल एंजिनास प्रत्येक अश्वशक्तीमागे ताशी सु. 0.5 लि. इंधन लागते, तर डीझेल एंजिनास त्याच्या जवळजवळ निम्मे पुरते. शिवाय ठिणगी पाडणाऱ्या विद्युत् भागांना खाऱ्या ओलाव्याची बाधा पोहोचते. (2) एक वा दोन सिलिंडरांचे लहान डीझेल एंजिन जड असते व त्याची कंपने अधिक असतात. परंतु ते दांड्याने हाताने फिरवून सुरू करता येते. त्यामुळे विद्युत् घटमाला निकामी झाली तरी नौका अडून राहत नाही. (3) चार वा सहा सिलिंडरांचे, अनेकदा मोटारवाहनांच्या एंजिनांवरून सागरी वापरासाठी तयार केलेले डीझेल एंजिन शक्तिमान असते व त्याचे सुटे भाग सहज मिळतात. पण ते सुरू करणे घटमालेवर अवलंबून असते. मालमोटारीत पूर्ण शक्ती थोडा वेळच लागते, नौकेत ती तासन्‌तास द्यावी लागते. म्हणून अशा एंजिनाची अखंड चालण्याची शक्ती कमी धरणे आवश्यक असते. ही दक्षता न घेतल्यास झडपा व दट्ट्याची कडी लवकर झिजतात.

कामानुसार गरज : सर्व प्रकारच्या मासेमारीत विश्वसनीयतेचा अर्थ एकच नसतो. डोल जाळ्याच्या नौकेस खुंटापर्यंत जाऊन यावयाचे असते व भरती-ओहोटीच्या वेळा साधाव्या लागतात. वावरी टाकणारी नौका जाळ्यासह रात्रभर वाहत राहते, तेव्हा एंजिन बंद असते. पहाटे ते निश्चितपणे सुरू होणे हीच तिची मुख्य गरज असते. ट्रॉल ओढणारी नौका केवळ 2.5 ते 3.5 नॉट वेगाने, पण पूर्ण भाराखाली अनेक तास चालते. तिला मोठा व सावकाश फिरणारा पंखा, वेग कमी करणारी दंतचक्र पेटी व भरवशाची शीतनयंत्रणा लागते. एका कामासाठी उत्तम ठरलेले एंजिन दुसऱ्या कामात अल्पायुषी ठरते, ते यामुळे.

बिघाडाची कारणे : एंजिनाचे मुख्य भाग मोडणे त्यामानाने विरळा असते. बहुतेक बिघाड आनुषंगिक यंत्रणांत उद्‌भवतात. इंधनाच्या टाकीत साचलेले पाणी व गाळ, तसेच इंधननळीत शिरलेली हवा यांनी डीझेल एंजिन थांबते. खाडीतील चिखल किंवा प्लॅस्टिकची पिशवी समुद्रजल घेणाऱ्या तोंडाशी अडकल्यास पंपाचे रबरी चक्र कोरडे फिरून फाटते व एंजिन तापते. समुद्रजल थेट एंजिनात खेळविल्यास सु. 55° से. च्या वर क्षार जमू लागतात. म्हणून गोड्या पाण्याने एंजिन थंड करून ते पाणी समुद्रजलाने थंड करण्याची अप्रत्यक्ष पद्धत अधिक चांगली. पंख्यात गुंतलेले तुटके जाळे दंतचक्र पेटीवर घातक ताण आणते. पंखा व दांडा यांचे विद्युत् रासायनिक क्षरण टाळण्यासाठी तळाशी जस्ताचे तुकडे बसवितात. ते झिजणे अपेक्षितच असते, मात्र वेळेवर बदलावे लागतात.

देखभाल : पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असलेला 1 जून ते 31 जुलै हा काळ दुरुस्तीसाठी उपयोगी पडतो. परंतु किनाऱ्यावर ओढलेल्या लाकडी नौकेच्या फळ्या सुकून आकसतात व पाण्यात पुन्हा फुगतात. त्यामुळे एंजिन व पंख्याचा दांडा यांची सरळ रेषा नौका काही दिवस तरंगल्यानंतर पुन्हा तपासणे जरूर असते. इंधनासाठी पाणी वेगळे करणाऱ्या गाळण्यासह दोन गाळण्या, तसेच राखीव पंपचक्र, पट्टा व गाळणी ही नौकेवर ठेवावयाची किमान सामग्री होय. ज्या एंजिनाचे भाग व जाणकार कारागीर बंदरातच मिळतात, ते कागदोपत्री सरस असलेल्या एंजिनापेक्षा व्यवहारात अधिक विश्वसनीय ठरते.

उपग्रहाद्वारे संकटसंदेश पाठविणारी उपकरणे आता उपलब्ध आहेत, तसेच तटरक्षक दलाशी 1554 या दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधता येतो. तथापि मदत पोहोचेपर्यंत नौका एका जागी धरून ठेवणारा नांगर, पुरेसा दोर व नौकेची नाळ लाटांकडे ठेवणारा कापडी तरता नांगर यांची जागा ही साधने घेऊ शकत नाहीत.