आजाराआधीचे रक्त

डेंग्यूचा अभ्यास बहुधा तापाने फणफणलेल्या रुग्णापासून सुरू होतो. निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथे २००४ पासून चाललेला अभ्यास मात्र धडधाकट मुलांपासून सुरू होतो. देशाचे आरोग्य मंत्रालय आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील एव्हा हॅरिस यांचा गट यांनी तो उभा केला. हजारो मुलांचे रक्त दरवर्षी घ्यायचे, जपून ठेवायचे आणि ताप आला की त्या मुलाने ठरलेल्या आरोग्य केंद्रात यायचे. वरवर हे काम कंटाळवाणे, पण डेंग्यूचे जुने कोडे सोडवायला याला पर्यायच नव्हता. दुसऱ्यांदा डेंग्यू झाला की प्रतिपिंडे काही दिवसांतच झपाट्याने वाढतात. त्यामुळे आजारी माणसाच्या रक्तावरून तो आजारी पडण्यापूर्वी ती किती होती, हे कळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचा भारतभर वापरला जाणारा, आयजीएम प्रतिपिंडे शोधणारा किटही आत्ताचा ताप डेंग्यूचा आहे का, एवढेच सांगतो.

कोडे बँकॉकमधले. १९६० च्या दशकात स्कॉट हॅलस्टेड यांना तिथे दिसले, की गंभीर डेंग्यू बहुधा दुसऱ्या संसर्गात होतो. त्यांचे स्पष्टीकरण असे: डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याला चिकटतात, पण त्याला नेहमीच निकामी करत नाहीत. प्रतिपिंडाचे शेपूट पकडून पेशी ते विषाणूसकट गिळते आणि विषाणू नेमक्या त्याच पेशीत वाढतो. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणायचे. पण मग दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक लोक सुखरूप बरे कसे होतात? हा आक्षेप रास्त होता आणि त्याचे उत्तर मानाग्वातल्या साठवलेल्या रक्तात सापडले. २०१७ साली आठ हजारांहून अधिक मुलांच्या नमुन्यांवरून लिआ कात्झेलनिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की धोका प्रतिपिंडे असण्या-नसण्यावर नव्हे, त्यांच्या प्रमाणावर ठरतो. रक्तद्रव किती पट पातळ केला तरी प्रतिपिंडे जाणवतात, या मापावर १:२१ ते १:८० या मधल्या पट्ट्यातल्या मुलांना प्रतिपिंडे मुळीच नसलेल्यांपेक्षा गंभीर डेंग्यूचा धोका साडेसात पटींहून अधिक होता. त्याहून जास्त प्रतिपिंडे असलेली मुले उलट सुरक्षित होती.

हा केवळ योगायोगाचा संबंध असेल, असे म्हणता येईल. पण सहा ते नऊ महिन्यांच्या तान्ह्या मुलांना पहिल्याच संसर्गात गंभीर आजार होतो, तो आईकडून आलेली प्रतिपिंडे ओसरू लागतात तेव्हा. त्यांना आधी डेंग्यू झालेलाच नसतो; असतात ती फक्त आईची प्रतिपिंडे. थायलंडच्या कांफेंग फेट प्रांतातल्या दीर्घ अभ्यासातही कमी प्रतिपिंडे धोक्याची ठरली.

म्हणूनच लशीने प्रतिपिंडे तयार होतात, एवढ्यावर समाधान मानणे मला अपुरे वाटते. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही डेंग्यूची लस दिली गेली. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना तिच्यामुळे पुढे गंभीर आजाराचा धोका वाढतो, हे ती बनवणाऱ्या सानोफी कंपनीनेच नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केले. हा निष्कर्ष निघाला तोही चाचणीतल्या मुलांचे साठवलेले रक्त पुन्हा तपासून.