गाव कोणते? : मुडबी परिसराचा इतिहास-भूगोल

बालरोगतज्ज्ञाच्या केसपेपरवर नाव, वय व वजन यांच्या जोडीला 'गाव' हा एक रकाना असतो. तो स्वागतकक्षात भरला जातो व पुढे सहसा कोणी वाचीत नाही. या रकान्याचे मोल मला मुडबीने शिकविले.

मुडबी हे बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील होबळीचे गाव. होबळी म्हणजे आपल्याकडील महसूल मंडळ. पलीकडे कलबुर्गी जिल्हा लागतो. मुलूख दख्खनच्या पठाराचा. खाली काळा बेसाल्ट, माथ्यावर ठिकठिकाणी तांबडा जांभा. दोन महानद्यांच्या खोऱ्यांना विभागणारा उंचवटा याच तालुक्यातून जातो. एका अंगाचे पाणी मांजरेतून गोदावरीस, तर दुसऱ्या अंगाचे मुल्लामारी, कागिणा व भीमा या मार्गाने कृष्णेस मिळते. माथ्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र ते थोडेच उरते. तूर, ज्वारी, मूग, उडीद ही पिके मुख्यतः पावसावर. वस्ती विरळ, अधूनमधून लमाणी तांडे.

वस्ती विरळ असली तरी इतिहास दाट आहे. अकराव्या शतकात चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याने राजधानी कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास आणली. सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६-११२६) आश्रयाने विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' येथेच रचिली. बाराव्या शतकात बसवेश्वरांची चळवळ येथे बहरली. पुढे बहमनी, बरीदशाही, आदिलशाही, मोगल व निजाम अशा राजवटी येऊन गेल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा भाषावार विभागला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडे आले. बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी, औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी, बाजार आणि पोटापाण्याच्या वाटा मात्र या रेषेने तुटल्या नाहीत.

काही वर्षांपूर्वी सीमेअलीकडील माझ्या दवाखान्यात चौदा महिन्यांचे एक मूल आले. ताप, खोकला, डोळे लाल, अंगभर पुरळ. "समदे डोस झालेत, डाक्टर," आई म्हणाली आणि तिने कन्नड लिपीतील तायी कार्ड पुढे केले. मला ते वाचता येईना. कन्नड जाणणाऱ्या परिचारिकेने वाचून सांगितले, नवव्या महिन्याचा रकाना कोरा आहे. मी गाव विचारले. मुडबीकडचा तांडा. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला महाराष्ट्रात आले होते. मूल नऊ महिन्यांचे झाले ते उसाच्या फडात. आईच्या लेखी सगळे डोस झाले होते, तांड्यावरच्या नोंदवहीत मूल गैरहजर होते आणि फडावर त्याची नोंदच नव्हती. निदान गोवराचे झाले. 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा व शुश्रूषा यांनी मूल बरे झाले. सर्वच होतात असे नाही.

गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, तर दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. हंगामी स्थलांतर नेमके या वयावर आले की मूल दोन्ही राज्यांच्या नजरेतून निसटते. म्हणून व्यवसायबंधूंना नम्र विनंती : गाव विचारावे, हंगामात कोठे होता तेही विचारावे, कार्ड परक्या लिपीत असेल तर वाचून घ्यावे आणि राहिलेली मात्रा मूल जेथे भेटेल तेथे द्यावी. लस चुकलेल्या मुलाला राज्याची हद्द विचारू नये.

आपण 'हिस्टरी' घेतो, ती व्याधीची. तिच्या आधीचा थोडा इतिहास आणि थोडा भूगोल त्या छोट्या रकान्यात असतो.